जीवांचे वर्गीकरण व क्रमविकास

सजीवांचे त्यांच्यातील साम्यावरून लहानमोठे गट पाडणे, त्या गटांची श्रेणीबद्ध मांडणी करणे व त्यांना निश्चित नावे देणे यास जीववैज्ञानिक वर्गीकरण म्हणतात. पूर्वीच्या जातींत पिढ्यान् पिढ्या बदल होत जाऊन त्यांपासून नव्या जाती निर्माण होण्याच्या प्रक्रियेस क्रमविकास (उत्क्रांती) म्हणतात. आज हे दोन्ही विषय एकाच ज्ञानशाखेच्या दोन बाजू मानले जातात. इतिहास मात्र निराळा आहे. वर्गीकरणाची जी चौकट आजही वापरात आहे ती उभारणारे बहुतेक शास्त्रज्ञ जाती अचल मानणारे होते. त्यांनी शोधून काढलेल्या व्यवस्थेचे कारण सु. शंभर वर्षांनी उमगले आणि कारण उमगल्यावरही ती व्यवस्था त्या कारणास अनुसरून दुरुस्त होण्यास आणखी शंभर वर्षे लागली. हा विलंब का झाला, हा या इतिहासातील मुख्य प्रश्न आहे.

त्यामागे एक तात्त्विक भेद आहे. ग्रंथालयातील पुस्तके आकारानुसार लावावीत की विषयानुसार, हा सोयीचा प्रश्न आहे. अशी मांडणी सोयीची किंवा गैरसोयीची असू शकते, खरी किंवा खोटी असू शकत नाही. जीवांचे वर्गीकरण ही अशीच सोय मानली, तर त्याबद्दल वाद घालण्यात फारसा अर्थ नाही. परंतु एका गटातील जीव एका समान पूर्वजापासून उतरले आहेत असा दावा वर्गीकरण करू लागले, की ते भूतकाळाविषयीचे विधान ठरते आणि म्हणूनच ते चुकीचे असण्याची शक्यताही निर्माण होते.

प्राचीन काळ : चरकसंहितेत वनस्पतींचे वनस्पती, वानस्पत्य, वीरुध व औषधी असे चार प्रकार केले आहेत, तर प्राण्यांची जरायुज, अंडज, स्वेदज व उद्‌भिज्ज अशी जन्मप्रकारावर आधारलेली विभागणी प्राचीन भारतीय वाङ्‌मयात सर्वत्र आढळते. ॲरिस्टॉटल (इ. स. पू. ३८४–३२२) यांनी सु. पाचशे प्राण्यांची माहिती नोंदविली व त्यांचे रक्तयुक्त आणि रक्तहीन असे दोन मोठे विभाग केले. हे विभाग आजच्या पृष्ठवंशी व अपृष्ठवंशी या विभागांशी पुष्कळसे जुळतात. डॉल्फिन हवा श्वासावाटे घेतो, पिलांना जन्म देतो व त्यांना दूध पाजतो, हे पाहून त्यांनी डॉल्फिन व देवमासे यांना माशांपासून वेगळे ठेवले. हे निरीक्षण पुढे दीर्घकाळ विस्मरणात गेले व सतराव्या शतकापर्यंतच्या बहुतेक ग्रंथकारांनी हे प्राणी पुन्हा माशांतच घातले. मराठीतील ‘देवमासा’ या शब्दातही तोच समज गोठलेला आहे. ॲरिस्टॉटल यांचे शिष्य थीओफ्रॅस्टस यांनी वनस्पतींचे वृक्ष, क्षुपे, उपक्षुपे व ओषधी असे भाग पाडले. ही विभागणी व्यवहारात उपयोगी असली, तरी तीत एकाच कुलातील झाड आणि रोपटे यांची ताटातूट होते.

सोळाव्या व सतराव्या शतकांत समुद्रपर्यटनामुळे यूरोपात येणाऱ्या वनस्पतींची व प्राण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि जुनी वर्णमालेनुसार केलेली मांडणी अपुरी पडू लागली. केसाल्पीनो यांनी १५८३ मध्ये फळे व बीजे यांच्या आधारे वनस्पतींची रचना केली. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन रे यांनी १६८६ मध्ये जातीची व्याख्या करताना एकाच बीजापासून पुन्हा पुन्हा निपजणे ही कसोटी सांगितली. जनन हा जातीचा निकष त्यांच्यापासून शास्त्रात रुजला. याच काळात कोचीनचे डच अधिकारी व्हान रेडे यांनी मलबारातील वनस्पतींवर हॉर्टस मलबारिकस हा बारा खंडांचा सचित्र ग्रंथ (१६७८–९३) सिद्ध केला. त्यासाठी इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्यांबरोबरच रंग भट, विनायक पंडित व आप्पू भट या कोकणी भाषिक वैद्यांनी माहिती पुरविली. त्यांचे देवनागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. लिनीअस यांनी अनेक भारतीय जातींची नावे या ग्रंथातील चित्रांच्या आधारे निश्चित केली. पश्चिम किनाऱ्यावरील परंपरागत वनस्पतिज्ञान आधुनिक वर्गीकरणाच्या पायाभरणीत अशा रीतीने सामील झाले आहे.

लिनीअस : स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस (१७०७–७८) यांचा सिस्टिमा नॅचुरी हा ग्रंथ १७३५ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाला, तेव्हा तो जेमतेम डझनभर मोठ्या पृष्ठांचा होता. वर्ग, गण, वंश व जाती अशी एकात एक बसणारी श्रेणी त्यांनी सर्व सृष्टीस लागू केली. कुल व संघ या पायऱ्या नंतरच्या आहेत. १७५३ च्या स्पिशीज प्लांटेरममध्ये वनस्पतींना व १७५८ च्या सिस्टिमा नॅचुरीच्या दहाव्या आवृत्तीत प्राण्यांना त्यांनी सर्वत्र द्विपद नावे दिली. वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ अनुक्रमे याच दोन ग्रंथांपासून धरतात. देवमासे व डॉल्फिन हे माशांतून निघून सस्तन प्राण्यांत गेले तेही या दहाव्या आवृत्तीतच.

वनस्पतींसाठी त्यांनी केसरदलांची संख्या व मांडणी यांवर आधारलेले चोवीस वर्ग केले. फूल हाती घ्यावे, केसरदले मोजावीत आणि वर्ग सांगावा, इतके ते सोपे होते व म्हणूनच विलक्षण लोकप्रिय झाले. ही पद्धत कृत्रिम आहे याची लिनीअस यांना पूर्ण जाणीव होती. एकाच लक्षणावर भर दिल्याने एरवी कशातच साम्य नसलेल्या वनस्पती एकत्र येतात आणि उघड सारख्या दिसणाऱ्या दूर जातात. निसर्गात असलेली खरी व्यवस्था कधीतरी सापडेल, तोपर्यंत ही चालवून घ्यावी, अशी त्यांची भूमिका होती. जाती ईश्वराने निर्माण केल्या तितक्याच आहेत, असे मानणाऱ्या माणसाने ‘खरी व्यवस्था’ असल्याचे गृहीत धरावे, ही लक्षणीय गोष्ट आहे. ती कशामुळे खरी ठरते, हा प्रश्न त्यांच्या काळी विचारला गेला नाही. स्रष्ट्याची योजना हे उत्तर पुरेसे होते.

पुराव्याने मात्र त्यांना दोनदा अडचणीत आणले. पहिला पुरावा माणसाचा. १७३५ पासूनच त्यांनी मनुष्य व वानर यांना एका गणात ठेवले होते. यावर टीका झाली तेव्हा १७४७ मध्ये योहान गेओर्ग ग्मेलिन यांना लिहिलेल्या पत्रात, सृष्टिविज्ञानाच्या नियमांनी मनुष्य व वानर यांत वंशभेद दाखविणारे एखादे लक्षण सांगावे, असे त्यांनी आव्हान दिले आणि आपल्याला तसे एकही माहीत नसल्याचे कबूल केले. दुसरा पुरावा एका रानफुलाचा. लिनॅरिया या वनस्पतीचे फूल एरवी एकाच उभ्या रेषेने दोन सारख्या भागांत विभागता येते. स्वीडनच्या किनाऱ्यावर १७४२ मध्ये तिचा असा एक प्रकार सापडला, की त्याचे फूल सर्व बाजूंनी सारखे होते. लिनीअस यांच्या पद्धतीप्रमाणे त्याला वेगळ्या वर्गात घालावे लागले असते. पण बाकीचे सर्व रोप तर लिनॅरियाचेच होते. त्यांनी त्याला ‘पेलोरिया’ म्हणजे विचित्र असे नाव दिले आणि पुढील काळात संकराने नव्या जाती निपजत असाव्यात, असे मत ते मांडू लागले. या फुलातील बदल जीनच्या रासायनिक क्रमात नसून जीन बंद पाडणाऱ्या मेथिलीकरणात आहे, हे १९९९ मध्ये सिद्ध झाले.

नैसर्गिक पद्धतीचा शोध : फ्रान्समध्ये आदांसाँ (१७६३) व झ्यूस्य (१७८९) यांनी एका लक्षणाऐवजी अनेक लक्षणांच्या समुच्चयावर वनस्पतींची कुले बसविली. झ्यूस्य यांच्या शंभर गटांपैकी पुष्कळ आजही ओळखता येतात. क्यूव्ह्ये यांनी १८१२ मध्ये प्राण्यांचे शरीररचनेच्या आराखड्यानुसार चार मोठे विभाग केले. एका विभागातून दुसऱ्यात संक्रमण अशक्य आहे, असे त्यांचे मत होते. लामार्क यांनी याच सुमारास (१८०९) जाती परिवर्तनशील असल्याचे मांडले, परंतु त्यांच्या विवेचनाचा वर्गीकरणावर तत्काल परिणाम झाला नाही. इंग्लंडमध्ये मॅक्ले यांनी १८१९ मध्ये प्रत्येक गटाचे पाच पोटगट वर्तुळात बसविण्याची पंचक पद्धत काढली. आज ती हास्यास्पद वाटली, तरी सुमारे दोन दशके अनेक विद्वान ती गांभीर्याने घेत असत. व्यवस्था आहे हे सर्वांना दिसत होते, पण तिचे कारण ठाऊक नसल्यामुळे कोणती व्यवस्था खरी हे ठरविण्यास कसोटी नव्हती. रिचर्ड ओएन यांनी १८४३ मध्ये समजात (रचनेने एकच असलेली) व समवृत्ती (फक्त कार्याने सारखी असलेली) अवयवांत भेद केला. देवमाशाचा वल्हा, वटवाघळाचा पंख व माणसाचा हात हे समजात. फुलपाखराचा पंख व पक्ष्याचा पंख हे समवृत्ती. ओएन यांना समजात अवयवांच्या मुळाशी एक आदर्श मूळ नमुना दिसला; त्या नमुन्याच्या जागी खरोखर जगलेला पूर्वज ठेवणे, एवढेच बाकी राहिले होते.

डार्विन आणि बार्नेकल : चार्ल्स डार्विन (१८०९–८२) यांनी १८३७ मध्ये आपल्या टिपणवहीत शाखायुक्त वृक्षाची आकृती काढली होती व १८४४ पर्यंत नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताचा विस्तृत मसुदाही लिहून ठेवला होता. ज्याने स्वतः अनेक जातींचा बारकाईने अभ्यास केलेला नाही त्याला जातींच्या प्रश्नावर बोलण्याचा अधिकार नाही, अशा आशयाचा जोसेफ हूकर यांचा अभिप्राय त्यांच्या मनाला लागला. १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे त्यांनी बार्नेकल या खडकांना व जहाजांच्या तळांना चिकटून राहणाऱ्या समुद्रप्राण्यांवर घालविली. अनेक चरित्रकार हा काळ सिद्धांत पुढे ढकलण्याचा मानतात. वर्गीकरणाच्या इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो सर्वांत फलदायी होता.

बार्नेकलांना चुन्याचे कवच असते, म्हणून क्यूव्ह्ये यांनी त्यांना शिंपल्यांबरोबर मृदुकाय प्राण्यांत घातले होते. १८३० मध्ये जे. व्ही. टॉमसन यांनी त्यांचे मुक्तपणे पोहणारे डिंभ पाहिले. ते कोळंबी, खेकडे इत्यादींच्या कवचधर वर्गातील डिंभांसारखे होते. प्रौढ प्राण्याचे रूप एक सांगते व डिंभावस्था दुसरे. यांपैकी कोणते मानावे? साम्य हे वंशसंबंधाचे चिन्ह असेल, तर उत्तर सरळ आहे : राहणीला अनुसरून आलेले साम्य फसवे व राहणीशी संबंध नसलेले साम्य विश्वसनीय. डार्विन यांना काही जातींत मादीच्या किंवा उभयलिंगी प्राण्याच्या शरीराला चिकटलेले अतिसूक्ष्म नर आढळले व उभयलिंगी स्थितीपासून भिन्नलिंगी स्थितीकडे जाण्याच्या पायऱ्या जणू समोर मांडलेल्या दिसल्या. त्याच वेळी त्यांना दुसरा, कंटाळवाणा पण महत्त्वाचा अनुभव आला. प्रत्येक लक्षण कोठे ना कोठे बदलते आणि दोन नमुने दोन जाती आहेत की एकाच जातीचे दोन प्रकार, हे ठरवता ठरवता अभ्यासक जेरीस येतो. जाती अचल असत्या, तर असे झाले नसते.

द ओरिजिन ऑफ स्पिशीज (१८५९) या ग्रंथाच्या पहिल्या आवृत्तीतील तेरावे प्रकरण वर्गीकरणावर आहे. गटांत गट बसतात, कारण एका पूर्वजाच्या शाखा पुन्हा पुन्हा फुटत गेल्या. वर्गीकरणकार नकळत शोधत होते ती नैसर्गिक पद्धत म्हणजे वंशावळच होय, हे त्याचे सार आहे. भ्रूणावस्थेतील देवमाशाला दात येतात व पुढे नाहीसे होतात. माशासारखा आकार मात्र पाण्यातील राहणीमुळे आला आहे. म्हणून वर्गीकरणात निरुपयोगी दातांना जितके वजन, तितके उपयुक्त आकाराला नाही. पुढील काळात वर्गीकरणे शक्य तेथवर वंशावळी बनतील, अशी अपेक्षाही त्यांनी तेथे व्यक्त केली आहे.

जुनी मांडणी टिकून राहिली : प्राणिविज्ञानात काही बदल लवकर झाले. कोव्हालेव्ह्‌स्की यांनी १८६६ मध्ये समुद्रोद्‌गारी प्राण्यांच्या डिंभात पृष्ठरज्जू दाखविला आणि मृदुकाय मानलेले हे पिशवीसारखे प्राणी पृष्ठवंशी प्राण्यांचे आप्त ठरले. त्याच वर्षी हेकेल यांनी सर्व जीवांचे वंशवृक्ष रेखाटले. त्यांतील पुष्कळ फांद्या पुराव्यापेक्षा कल्पनेवर वाढलेल्या होत्या. तरीही वनस्पती व प्राणी यांखेरीज एककोशिक जीवांची तिसरी सृष्टी मानावी ही त्यांची सूचना टिकली.

वनस्पतिविज्ञानातील स्थिती अधिक बोधक आहे. बेंथॅम व हूकर यांचा जेनेरा प्लांटेरम हा ग्रंथ १८६२ ते १८८३ या काळात म्हणजे डार्विन यांच्या ग्रंथानंतर प्रसिद्ध झाला. हूकर तर डार्विन यांचे निकटचे मित्र व सिद्धांताचे पहिले समर्थक होते. तथापि या ग्रंथाची मांडणी मूलतः जुन्या फ्रेंच पद्धतीचीच राहिली व प्रकटबीज वनस्पती द्विदलिकित आणि एकदलिकित यांच्या मध्ये घातल्या गेल्या. याला हेकटपणा म्हणणे योग्य नाही. वर्गीकरणाने वंशावळ दाखवावी असे डार्विन यांनी सांगितले. पण ती शोधावी कशी, याची पद्धत कोणाजवळही नव्हती. फुलझाडांचे जीवाश्म तुटपुंजे होते आणि लाखो वाळवलेल्या नमुन्यांची कपाटे रोज वापरणाऱ्याला भरवशाची ओळख हवी होती. हूकर यांचा ब्रिटिश भारताच्या वनस्पतींवरील सात खंडांचा ग्रंथ (१८७२–९७) आणि थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ (१९०१–०८) याच क्रमाने लिहिले गेले. महाराष्ट्रातील वनस्पतिसंग्रह व महाविद्यालयीन अभ्यासक्रम यांतून हा क्रम पुढे शंभराहून अधिक वर्षे चालत आला. ओळख पटविण्यासाठी तो अजूनही उत्तम आहे, हे मान्य केले पाहिजे.

मानवाचे गट : वर्गीकरणातील चूक सर्वत्र सारखी निरुपद्रवी नसते. लिनीअस यांनी १७५८ मध्ये मानवाचे चार भौगोलिक प्रकार करताना प्रत्येकाला स्वभावगुणही चिकटविले. हेकेल यांनी मानवी गटांना वंशवृक्षावर उच्चनीच जागा दिल्या. क्रमविकासाला दिशा व शिखर असते, या गैरसमजुतीवर ही उतरंड उभी होती; डार्विन यांच्या शाखायुक्त आकृतीत तिला आधार नाही. इरावती कर्वे यांनी १९३० च्या सुमारास बर्लिन येथे ऑयगेन फिशर यांच्या मार्गदर्शनाखाली कवट्यांच्या असममितीवर संशोधन केले. यूरोपीय कवट्या या बाबतीत इतरांहून वेगळ्या व वरचढ आहेत हे मार्गदर्शकांचे गृहीत मोजमापांनी सिद्ध होत नाही, असा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात दिला. पुढे १९७२ मध्ये लेवोंटिन यांनी, मानवातील आनुवंशिक विविधतेपैकी सु. ८५ टक्के विविधता कोणत्याही एका लोकसमूहाच्या आतच असते, असे दाखविले. मराठीत जीववैज्ञानिक संज्ञा म्हणून ‘जाती’ हा शब्द रूढ झाला आहे व तो ‘जन्’ या धातूपासून आलेला असल्याने अर्थाने समर्पकही आहे. पण सामाजिक जातींशी त्याचा काहीही संबंध नाही. सर्व मानव एकाच जातीचे आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यास आनुवंशिकी व नैसर्गिक निवड यांचा मेळ बसला. एर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये, आपसांत प्रजनन करणाऱ्या व इतरांपासून जननदृष्ट्या अलग असलेल्या समुदायांचा गट म्हणजे जाती, ही व्याख्या प्रतिष्ठित केली. अलैंगिक जीवांना व जीवाश्मांना ती लागू करता येत नाही. जातीचा प्रश्न तिने काहीसा सुटला. जातींच्या वरच्या गटांचा तसाच राहिला.

हेनिक व शाखीय पद्धत : वंशावळ शोधण्याची पद्धत जर्मन कीटकवैज्ञानिक व्हिली हेनिक (१९१३–७६) यांनी दिली. माश्या व डास यांचे ते तज्ज्ञ होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस इटलीत ब्रिटिशांच्या युद्धबंदी छावणीत असताना त्यांनी आपल्या ग्रंथाचा पहिला मसुदा लिहिला. तो १९५० मध्ये जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला, परंतु १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीपर्यंत त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हेनिक यांचा मुद्दा असा : सर्व साम्य सारख्या किंमतीचे नसते. सरडा व बेडूक या दोघांनाही चार पाय आहेत, पण ते दूरच्या पूर्वजाकडून सर्वच चतुष्पादांना मिळालेले असल्याने या दोघांच्या विशेष जवळिकीचा पुरावा ठरत नाहीत. एखाद्या शाखेत नव्याने निर्माण झालेले व तिच्या वंशजांतच आढळणारे साधित लक्षण मात्र त्या वंशजांचे नाते सिद्ध करते. गट खरा मानावयाचा तर त्यात एक पूर्वज व त्याचे सर्व वंशज आले पाहिजेत. सोयीसाठी कोणासही वगळता येणार नाही.

या साध्या नियमाचे परिणाम अनेकांना असह्य वाटले. मगरीचे निकटतम जिवंत आप्त सरडे नसून पक्षी होत. तेव्हा पक्षी वगळून केलेला ‘सरीसृप’ वर्ग खरा गट राहत नाही. फुप्फुसमीन, सॅमन मासा व गाय यांपैकी फुप्फुसमीन व गाय हे एकमेकांना अधिक जवळचे आहेत. म्हणजे ‘मासे’ हाही नैसर्गिक गट नव्हे. यावरून १९७८-७९ मध्ये ब्रिटिश नियतकालिकांत तीव्र वाद झाला. दुसऱ्या बाजूस सोकल व स्नीथ यांनी १९६३ मध्ये वंशावळीचा विचार सोडून केवळ एकूण साम्य गणकयंत्राने मोजावे, असे सुचविले होते. त्यांची गणितपद्धती टिकली, उद्दिष्ट टिकले नाही. मायर व सिम्प्सन यांना शाखांचे नाते व शाखेत झालेल्या बदलाचे प्रमाण ही दोन्ही वर्गीकरणात दिसावीत असे वाटे. पक्षी सरीसृपांपासून इतके बदलले आहेत, की त्यांना वेगळा वर्ग द्यावाच, हे त्यांचे म्हणणे सामान्य बुद्धीस पटणारे आहे. परंतु किती बदल म्हणजे पुरेसा, याचे उत्तर प्रत्येक तज्ज्ञ वेगळे देई आणि येथेच त्यांची बाजू लंगडी पडली.

रेणूंचा पुरावा : रक्तद्रवातील प्रथिनांच्या साम्यावरून प्राण्यांची नाती ठरविण्याचा प्रयत्न नटॉल यांनी १९०४ मध्ये केला होता. १९६० नंतर प्रथिनांतील व न्यूक्लिइक अम्लांतील घटकांचा क्रम वाचता येऊ लागल्यावर हाडे, फुले व डिंभ यांवर अवलंबून नसलेली नवी साक्ष मिळाली. तिची पहिली मोठी कसोटी मानवाच्या बाबतीत लागली. शिवालिक टेकड्यांत १९३२ मध्ये सापडलेल्या जबड्यावरून नाव दिलेला रामपिथेकस सु. १·४ कोटी वर्षांपूर्वीचा मानवपूर्वज असल्याचे १९६० नंतर सर्वत्र शिकविले जाई. सॅरिच व विल्सन यांनी १९६७ मध्ये प्रथिनांवरून मानव व आफ्रिकी कपी सु. ५० लक्ष वर्षांपूर्वीच वेगळे झाले असे सांगितले, तेव्हा पुराजीववैज्ञानिकांनी ते उडवून लावले. पोटवार पठारावर मिळालेला व १९८२ मध्ये वर्णिलेला शिवापिथेकसचा चेहरा ओरँगउटानशी जुळला, रामपिथेकस त्याच वंशात विलीन झाला आणि रेणूंची बाजू मूलतः बरोबर ठरली.

कार्ल वूज व जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये रिबोसोमातील आरएनएच्या तुलनेवरून, मिथेननिर्मिती करणारे सूक्ष्मजीव इतर सूक्ष्मजंतूंपासून अतिशय दूरचे असल्याचे दाखविले. व्हिटाकर यांनी १९६९ मध्ये मांडलेली पाच सृष्टींची पद्धत तेव्हा नुकतीच पाठ्यपुस्तकांत स्थिरावत होती. १९९० मध्ये वूज व सहकाऱ्यांनी सर्व जीवांचे सूक्ष्मजंतू, आर्किया व प्रकलयुक्त कोशिकांचे जीव असे तीन अधिक्षेत्रांत विभाजन केले. वनस्पती, प्राणी व कवके हे सर्व तिसऱ्या अधिक्षेत्राचे काही फाटे ठरले. इतकी शतके वनस्पतींत गणलेली कवके प्राण्यांना अधिक जवळची आहेत, हेही १९९३ मध्ये स्पष्ट झाले. हरितकणू व कलकणू हे एके काळचे स्वतंत्र सूक्ष्मजंतू असल्याचा लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ मध्ये पुरस्कारिलेला विचार रेणवीय पुराव्याने पक्का झाल्यावर वृक्षाच्या उपमेलाच मर्यादा पडली. येथे शाखा फुटल्या नव्हत्या, दोन शाखा एक झाल्या होत्या. सूक्ष्मजंतूंत तर असंबंधित जातींमध्येही जीनची देवघेव चालते. त्यांच्या बाबतीत वृक्षापेक्षा जाळे हे चित्र अधिक खरे आहे.

देवमाशाचा प्रश्नही रेणूंनीच पुढे नेला. त्यांच्या साक्षीनुसार त्याचा निकटतम जिवंत आप्त पाणघोडा ठरतो व तो गाय, हरीण इत्यादींच्या समखुरी गणात जातो. २००१ मध्ये पाकिस्तानातील पायाळ देवमाशांच्या जीवाश्मांत समखुरी प्राण्यांचे वैशिष्ट्य असलेले दुहेरी कप्पीसारखे घोट्याचे हाड मिळाले. २००७ मध्ये जम्मू भागातील कालाकोट येथील सु. ४·८ कोटी वर्षांपूर्वीच्या इंडोह्यूस या मांजराहून थोड्या मोठ्या खुरी प्राण्याच्या कानाचे हाड देवमाशांसारखे जाड असल्याचे आढळले. हे खडक भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी फार पूर्वी गोळा करून ठेवले होते. सह्याद्रीतील एक उदाहरणही असेच आहे. केरळातील इडुक्की जिल्ह्यातून २००३ मध्ये वर्णन झालेला, वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली राहणारा नासिकाबॅट्रॅकस हा बेडूक शेजारच्या कोणत्याही बेडकाचा जवळचा आप्त नाही. त्याचे आप्त सु. ३,००० किमी. दूर सेशेल्स बेटांवर आहेत. भारत व सेशेल्स एका भूखंडाचे भाग होते, तेव्हाची ही ताटातूट आहे.

फुलझाडांची कुले रेणवीय पुराव्यावर नव्याने लावणारी पहिली सामुदायिक मांडणी १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. बेंथॅम व हूकर यांनी कमळ व कुमुद एकाच कुलात ठेवले होते आणि दोन्ही पाण्यात तरंगणारी पाने व मोठी फुले यांमुळे कोणालाही ते योग्यच वाटले असते. नव्या मांडणीत कुमुद फुलझाडांच्या अगदी जुन्या शाखांपैकी एकीवर राहिले व कमळ काश्मीरचा चिनार आणि बागांतील सिल्व्हर ओक यांच्या गणात गेले. तळ्याने दोघांना सारखे रूप दिले होते, समुद्राने देवमाशाला माशाचे दिले तसेच.

अशा दुरुस्तीची किंमत नावांच्या रूपाने मोजावी लागते. ॲकेशिया हा हजाराहून अधिक जातींचा वंश एका पूर्वजाचा नाही असे ठरल्यावर त्याचे अनेक वंशांत विभाजन करणे भाग पडले. नियमाप्रमाणे मूळ नाव ज्या जातीवर बेतलेले असते तिच्या गटाकडे राहते आणि ही जाती आफ्रिका व भारतातील बाभूळ होती. परंतु सर्वाधिक जाती ऑस्ट्रेलियात असल्याने तेथील शेकडो नावे बदलावी लागली असती. म्हणून २००५ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिविज्ञान परिषदेत मूळ नमुनाच बदलून ॲकेशिया हे नाव ऑस्ट्रेलियन गटास देण्यात आले व बराच वाद होऊन २०११ च्या मेलबर्न परिषदेत ते कायम झाले. त्यामुळे बाभळीचे नाव आता व्हॅचेलिया नायलोटिका व खैराचे सेनेगॅलिया कटेचू असे आहे. आणि रस्त्यांच्या कडेने व वनीकरणात लावलेली परकी ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र ॲकेशियाच राहिली आहे.